इथे थांबावे

कार्डावर लिहिलं आहे: बस चर्चच्या सावलीच्या बाजूला लावावी. आधी चहा, मग नावं कोरलेला स्मारकाचा दगड.

मिस ज्युएल हॉब्डीने कार्ड बाहेर काढलंच नाही. ते तिनेच टाइप केलेलं. नऊ वर्षं ती दर शनिवारी गाइड म्हणून सहलीची ही बस घेऊन येते. मॉन्टगोमरीहून निघून कापसाच्या शेतांमधून या चर्चपर्यंत.

तीस माणसं उतरली. गार चहाचे पेले हातोहात गेले. डेट्रॉइटहून आलेले क्लीव्हन स्टॉलवर्थ एक घोट घेऊन म्हणाले, अलाबामात अजून साखरेच्या पाकाला चहा नुसता दाखवूनच आणतात वाटतं. बसमध्येही त्यांनी सगळ्यांना असंच हसवलं होतं. तेराव्या वर्षी ते इथून गेले, ते आजच परतले होते.

कार्ड: १९६५. ईस्टरनंतरचा बुधवार. संध्याकाळच्या प्रार्थनेला पाद्र्याने विचारलं, सोमवारी मतदारयादीत नाव घालायला कोर्टात कोण कोण येणार? माणसं उभी राहिली. सगळी काळी, गोऱ्या मालकाच्या जमिनीवर राबणारी. शनिवारी त्यांच्या खाटा आणि चुली रस्त्यावर पडल्या होत्या. सोमवार उजाडायच्या आत. नावं मालकापर्यंत कुणी पोचवली, ते आजवर कळलेलं नाही.

कार्ड: नावं तोंडपाठ म्हणावीत. दगडाकडे बघू नये.

मिस ज्युएलने हात पाठीमागे बांधले.

लुशस टेट. कोरा टेट. रूफस स्टॉलवर्थ. आयझॅक मोझली. धाकटा आयझॅक मोझली. रोझेटा बेटिस. हिराम गेन्स. एझ्रा क्रेन्शॉ, व्हेल्मा क्रेन्शॉ. ॲमॉस लाइकली. डोरा रुडॉल्फ.

कार्ड: इथे थांबावे. टाळ्या होऊ द्याव्यात.

झाल्या. बायकांनी पंखे काखेत धरून वाजवल्या. क्लीव्हन स्टॉलवर्थ यांचे दोन्ही हात काठीवर होते. तिसरं नाव त्यांच्या वडिलांचं.

"म्हणता झकास, मिस ज्युएल," ते म्हणाले. "पण उभे बारा जण राहिले होते. आमचे वडील मरेपर्यंत मोजायचे. बाराव्याची चूल कुणी रस्त्यावर टाकली नाही. त्याचंही नाव घ्या की. कुत्रं कसलं होतं, पोरांना कळू दे."

याच्यापुढे कार्डावर काही नव्हतं.

"ओथा हॉब्डी," ती म्हणाली.

तीस जणांनी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. पंखे थांबले.

स्टॉलवर्थनी टोपी काढली. आवाज खाली आला. ठाऊक नव्हतं, असं दोनदा म्हणाले. तुम्ही तेव्हा पोर असाल, तुमचा काय दोष, असंही. मग त्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"बापाचं पाप लेकीला लागत नाही, बहिणी. दर शनिवारी आमची नावं घेता. फिटलं समजा."

मागून कुणीतरी आमेन म्हणालं.

नुसती मान हलवायची होती. चर्चच्या मागच्या खोलीत तळलेले मासे तयार होते, वास इथवर येत होता. जेवण, मग पुढचा थांबा.

ओथा हॉब्डी त्यानंतर एकतीस वर्षं याच चर्चमध्ये यायचा. शेवटच्या बाकावर तो एकटा असे. त्या बाकावर लोक आपल्या टोप्या ठेवत, बसत कुणी नसे. त्याची शवपेटी उचलायला सहा माणसं मिळाली नाहीत. माणसं पैसे देऊन आणावी लागली.

मिस ज्युएलने दंडावरचा हात अलगद बाजूला केला.

तिने सांगितलं, पण कार्डावरच्या आवाजात नाही. त्या ईस्टरला मुलांच्या पाठांतरात सगळ्यात लांब कविता तिची होती. वय नऊ. अठरा कडवी, एकदाही अडखळली नाही. पंचक्रोशीत गाजलं. पुढच्या गुरुवारी आईने तिला रॉकेल आणायला पाठवलं. गोऱ्या दुकानदाराने तिला उचलून गल्ल्याशेजारी फळीवर उभं केलं, हातात पेपरमिंटची लाल कांडी दिली. म्हणाला, तुला म्हणे सगळं पाठ होतं. काल चर्चमध्ये कोण कोण उभं राहिलं, तेवढं काही तुला सांगता यायचं नाही.

"मी हात मागे बांधले," ती म्हणाली. "पहिल्या बाकापासून सुरुवात केली."

ड्रायव्हरने बस गार व्हावी म्हणून इंजिन सुरू केलं.

"ओथाला माहीत होतं?" स्टॉलवर्थनी विचारलं.

"घरी गेले तेव्हा जीभ लाल होती. त्याने हनुवटी धरून बघितली. मग शनिवार उजाडला. त्यावर कधी काही बोलला नाही. मलाही बोलू दिलं नाही."

स्टॉलवर्थ दगडाकडे बघत राहिले. ओठ हलत होते. ते मोजत असावेत.

"आणि त्याचं नाव?" ते म्हणाले. "बापाचंच तेवढं विसरलात?"

"तो शेवटच्या बाकावर बसायचा. नाव शेवटी यायचं." तिने पुन्हा हात पाठीमागे नेले. "अकराव्या नावाला मला दुकानदाराच्या हातातली पेन्सिल दिसली. तिथे थांबले."