कुंकवाची बाजू

बाळांनो, डोळे मिटा आणि २०२० सालचं आयर्लंडमधलं लिमरिक शहर डोळ्यांपुढे आणा. विमानं बंद, म्हणून ज्ञानदाची आजी नागपूरला अडकलेली. मागच्या खेपेला आजीने नागपूरच्या कुंपणाच्या निवडुंगाचं कांडं आणून इथे कुंडीत रुजवलं होतं. ते आता खांबासारखं खिडकीत उभं होतं. त्याच्या एका अंगाला कुंकू लावून आजी म्हणाली होती, "ही बाजू उन्हाकडेच ठेव गं."

ज्ञानदा रोज त्यालाच विचारायची, "आजी कधी येणार?"

आज कुंकू दाराकडे होतं.

"आई, तू कुंडी फिरवलीस?"

"त्या काट्यांना कोण हात लावेल, बाई!"

ज्ञानदाने कुंडी खिडकीकडे वळवली. चहा उकळेपर्यंत कुंकू पुन्हा दाराकडे, आणि आता ते ओलं होतं, आत्ताच कुणी बोटाने लावल्यासारखं.

"आजी आली!" म्हणत ज्ञानदाने धावत जाऊन दार उघडलं.