कादंबरीचा पहिला शेवट

“चुकलं काय, तेवढं सांगा. दुरुस्त करून आणते,” टेबलावरचं हस्तलिखित उचलत उरणच्या कुंदा घरत म्हणाल्या.

मिठागरातल्या बायकांची ही कादंबरी संपादक मृदुला सबनीसांना मनापासून आवडली होती. पण त्याच विषयावरचं दुसऱ्या कुणाचं पुस्तक गोदामात पडून होतं, म्हणून प्रकाशनाच्या मालकांनी ही न वाचताच नाकारली.

“चुकलं काहीच नाही,” शेवटी त्यांनी खरं ते सांगून टाकलं. “आमचंच आधीचं पुस्तक खपलेलं नाही. तुम्ही एका शब्दालाही हात लावू नका.”

कुंदाताई खुर्चीत बसल्या. “आधीच्या प्रकाशकानं नुसतं ‘साभार परत’ लिहून पाठवलं. मला वाटलं, शेवट फसलाय. म्हणून नवा लिहिला आणि पहिला चुलीत घातला.”

“आठवतोय?”

“शब्दन् शब्द.”

सबनीसबाईंनी दार लोटून घेतलं. कुंदाताई सांगत गेल्या. सांगून झाल्यावर “हाच खरा शेवट,” म्हणत बाईंनी कोरे कागद त्यांच्यापुढे सरकवले आणि ओळखीच्या एका प्रकाशकाला फोन लावला.

“एक कादंबरी पाठवतेय,” त्या म्हणाल्या. “शेवट लिहून व्हायचाय. तेवढा थांबा.”