आडवी मान

"थांबव. जरा मागे घे," नेवेनाचा वरिष्ठ स्तामेनोव म्हणाला.

नेवेनाने चित्रफीत मागे घेतली. पडद्यावर पट्टा पुन्हा धावू लागला, पन्हळीतून खनिज पुन्हा खाली उतरू लागलं. धूळ किती उडते ते बघायला कॅमेरा तिनेच लावला होता. आवाज त्यात नव्हताच. धावत्या पट्ट्याशेजारचा आवाज घेऊन करायचं काय? पण चौकटीच्या कोपऱ्यात दोन माणसं पाठमोरी उभी होती. एक सोफियाहून आलेला यंत्रांचा दलाल. दुसरा तिच्याच विभागातला विहरेन.

दलालाने पन्हळीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. विहरेनने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"हो म्हणाला," स्तामेनोव म्हणाला. "पेर्निकमधलं शेंबडं पोरही सांगेल. आपल्याकडे मान आडवी म्हणजे हो, उभी म्हणजे नाही."

पन्हळ नेवेनाच्या डोक्यातून उतरलेली होती. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर खनिज पडतं तिथे ते आपटायचं नाही, तव्यावरून लोणी घसरावं तसं घसरत जायचं; पट्टा फाटत नाही, धूळ उडत नाही. तीच पन्हळ, तशीच वळणं, आता डोंगरापलीकडच्या तांब्याच्या खाणीत दुसऱ्याच कारखान्याचं नाव लावून बसली होती.

स्तामेनोवने विहरेनला बोलावून घेतलं.

"काय मागत होता तो?"

"रेखाटन मागत होता," विहरेन सरळ म्हणाला. "मी नाही म्हटलं."

"मान आडवी हलवून?"

"साहेब, अर्धं आयुष्य जर्मनीत, डॉर्टमुंडला गेलं माझं. तिकडे आडवी म्हणजे नाही. मान तिकडचीच झाली, त्याला मी काय करू?"

"वा! म्हणजे आता तुझ्या मानेला दुभाष्या ठेवायचा का आम्ही?"

विहरेन हसला नाही. नेवेनाकडे बघून म्हणाला, "नेवेनाताई, तुम्हाला तरी पटतंय का?"

नेवेनाला त्याचं म्हणणं पटत नव्हतं. पण ती स्तामेनोवला म्हणाली, "या आठवड्यात काढू नका त्याला."

हे दयेपोटी नव्हतं. नवी पन्हळ तिच्या टेबलावर अर्धी पडून होती, ओल्या चिकट खनिजासाठीची. असलं खनिज वळणावर अडून बसतं आणि मग पट्टा तुंबतो. उतार किती ठेवायचा हे गणित विहरेनचं. तो गेला तर पन्हळ अपुरी राहणार. तो राहिला आणि चोर निघाला, तर पहिलीसारखी दुसरीही जाणार. तिसरी काढायला तिच्यात दम उरला नव्हता.

त्या आठवड्यात ती माणसांचे चेहरे सोडून नुसत्या माना बघत हिंडली. घरी नवऱ्याने "चहा?" म्हणून विचारलं तर त्याचीच मान न्याहाळत बसली. "मी चहाचं विचारलंय, लग्नाचं नाही," तो म्हणाला.

कॅन्टीनमध्ये स्टाना मावशी वजडीचं सूप वाढत होती. विहरेनपाशी आली आणि पळी उचलून म्हणाली, "घालू आणखी?"

विहरेनने मान आडवी हलवली. मावशी पळीभर ओतू लागली. त्याने हात मध्ये घातला आणि सगळं सूप मनगटावर.

"नको म्हटलं ना, मावशी!"

"कुठे म्हटलंस? मान तर हो म्हणतेय तुझी! जर्मनीत वजडी खाऊन माणसं अशी होतात का रे?"

सगळं कॅन्टीन हसलं. नेवेना हसली नाही. मनगट लालबुंद झालं होतं. नाटक करणारा माणूस इतकं भाजून घेईल?

दोन दिवसांनी क्रेनवाल्याने वरून हाताने विचारलं, उचलू का? विहरेनने खालून मान आडवी हलवली. क्रेनवाल्याने लोखंडी सांगाडा उचलला. एक साखळी अजून लावायची होती. सांगाडा तिरका झाला, झोके घेऊ लागला, आणि विहरेन "खाली घे, खाली घे!" ओरडत त्याच्याच खालून धावला.

क्रेनवाला उतरून आला तो शिव्या देतच. "मान धड चालत नसेल तर फडकं हलव, गाढवा!"

विहरेन भिंतीला टेकून उभा होता. नेवेनाने स्वतः पाणी नेऊन दिलं. त्याच्यावर संशय घेतल्याची लाज तिला तिथेच वाटली.

ती तडक स्तामेनोवकडे गेली. "तो नाहीच म्हणाला होता. मला खात्री आहे."

"खात्री? मग हमी घेतेस?"

"घेते."

"नवीन पन्हळ बाहेर गेली तर त्याच्या आधी तू जाशील, नेवेना."

"जाईन."

दुपारीच तिने नव्या पन्हळीचं सगळं रेखाटन विहरेनच्या स्वाधीन केलं. त्याचे डोळे भरून आले. "आज जेवायला आमच्याकडे या, ताई. आईला सांगतो. तिला तुम्हाला बघायचंच आहे."

संध्याकाळी त्याच्या घरी म्हातारीने नेवेनाचे दोन्ही हात हातात घेतले, गालाचे मुके घेतले, टेबलापाशी बसवलं. कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेल्या सार्मी, दही, भाजलेल्या मिरच्या. "पोरगं इतकी वर्षं लांब होतं," ती सांगत होती. "वाटलं होतं, परत येईल तर परकं होऊन येईल. पण आहे तसंच आलं बघ."

नेवेनाने पोटभर खाल्लं. कित्येक दिवसांनी अन्नाला चव लागत होती.

तेवढ्यात विहरेनचा फोन वाजला. तो जागेवरूनच हळू आवाजात बोलू लागला. मग बोलणं थांबलं. पलीकडचं माणूस काहीतरी सांगत होतं आणि विहरेन खाली बघून लक्ष देऊन ऐकत होता. म्हातारी पातेलं घेऊन त्याच्यापाशी आली.

"आणखी घालू का रे?" तिने हळूच विचारलं.

विहरेनने फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, आणि ताट पुढे केलं.