वरचा थर

माती वाचवा, हे सांगण्यात मृदाशास्त्रज्ञ तक्षशीलाची नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि निवृत्त होऊन ती वडगाव रासाईला आली तेव्हा तिच्याच बापाच्या रानात जेसीबी चालला होता. काळ्या मातीनं भरलेले डंपर वीटभट्टीकडे निघाले होते. ती धावत जाऊन जेसीबीपुढे उभी राहिली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "ताई, रान उंच हाय, पाटाचं पानी चढत न्हाई," भाऊ नवनाथ म्हणाला. "भट्टीवाला फुकटात सपाट करून देतोय." "अरे, वरची ही हातभर माती म्हणजेच रान! खाली नुसता मुरूम आहे. फोनवर कितीदा सांगितलं तुला?" "मंग खत टाकू की. लोकं टाकत्यातच," असं म्हणून तो चिडून निघून गेला. निम्म्या रानात पांढरट मुरूम उघडा पडला होता. तेवढ्यात आई, सोजरबाई, काठी टेकत बांधावर आली. नवऱ्याबरोबर दगड वेचून तिनं हे रान कसायला आणलं होतं. खड्ड्याकडे बघत तिनं विचारलं, "तू येवढी शिकलीस, तुला ठावं आसंल. हितं परत माती व्हायला किती दिस लागत्याल?" इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे तक्षशीलानं कितीतरी सभांत न अडखळता सांगितलं होतं. तिनं आईचा हात धरला. "लागतील थोडे," ती म्हणाली.