तांदळाच्या दाण्याएवढा जबडा

भारतीने छोटी चपटी डबी टेबलावर ठेवली, तेव्हा उत्तमरावांनी तोंडासमोरचं वर्तमानपत्र खाली केलं नाही. त्याच वर्तमानपत्रात तिचा फोटो होता.

"यात जबडा आहे, सर," ती म्हणाली. "मी गावी जाऊन येते. विहारात सत्कार ठेवलाय, तिथल्या गर्दीत हे नको. तुम्ही सवडीनं बघा. पण मायक्रोस्कोपखाली बघा."

"बघतो," उत्तमराव म्हणाले.

उत्तमरावांच्या पत्नी मालनबाईंनी तिला चहा दिला, तिच्या आईची चौकशी केली. भारती अकोल्याची गाडी गाठायला निघून गेली.

उत्तमराव कोपरगावच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. भारती त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात प्राध्यापक. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेली. आई भागिरथी दुसऱ्यांच्या खाचरात भाताची रोपं लावायला, आवणीला जायची. या मुलीला वर्गात त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं की भारत अजून आशियाला पुरता चिकटलाही नव्हता, तेव्हा इथल्या जंगलात उंदराएवढा एक प्राणी फांद्या धरून हिंडायचा. मोठे डोळे, पकडणारी बोटं. माकडांच्या आणि माणसांच्या घराण्यातला अगदी सुरुवातीचा. तो केव्हाच नाहीसा झाला. उरले ते दगड झालेले दात.

त्या दातांपायी उत्तमरावांनी आपली उमेदीची वर्षं घातली. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक थंड हवेला जात, ते गुजरातेतल्या कोळशाच्या खाणीत उतरत. तिथली माती टेम्पोनं कोपरगावला आणत आणि बारीक चाळणीत धूत बसत. त्यांना माशांचे दात मिळाले, सापांचे मणके मिळाले. तो प्राणी मिळाला नाही. मग गुडघे गेले आणि खाणीत जाणंही संपलं.

भारती त्याच खाणीत गेली आणि पहिल्याच खेपेला जबडा घेऊन आली.

उत्तमरावांनी पेढे वाटले. भेटेल त्याला "आमची विद्यार्थिनी" म्हणून सांगितलं. घरी येऊन मात्र ते जेवताना बोलत नसत. बातमी त्यांनी बारकाईनं वाचली होती. नव्या प्राण्याला भारती आपल्या आईचं नाव देणार होती. शेवटच्या ओळीत "शिक्षकांचे मार्गदर्शन लाभले" एवढंच होतं. कोणते शिक्षक, ते नव्हतं.

"पोरीनं आईचं नाव केलं," मालनबाई म्हणाल्या. "लई बरं वाटलं मला."

त्यावर उत्तमरावांनी त्यांना सांगितलं की माती धुणं हा नशिबाचा खेळ असतो, त्यात अक्कल लागत नाही.

त्यांना आणखी एक गोष्ट सलत होती. जबडा सापडल्यानंतरही भारती अधूनमधून घरी यायची आणि विचारत बसायची. खाणीत तुम्ही कोणत्या बाजूला खणायचात, किती खोल, माती काळी होती की करडी. त्यांनी सगळं सांगितलं होतं. आता वाटत होतं, पोरीनं आपल्याला पिळून घेतलं.

दुपारी तिचा फोन आला. मागे स्पीकरवर कुणीतरी भाषण करत होतं.

"पाहिलात का, सर?"

"अजून नाही."

"घाई नाही. पण माझ्याआधी तुमचं मत हवंय मला."

सगळा गाव टाळ्या वाजवतोय, तरी हिला माझीही टाळी हवी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी फोन ठेवला.

मालनबाई बाजारात गेल्या होत्या. उत्तमरावांनी डबी उघडली. कापसावर काळसर, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. कपाटातला मायक्रोस्कोप काढावा असं त्यांना क्षणभर वाटलं. पण बघायचं काय होतं? पेपरात तो जबडा हातभर मोठा करून छापलेला होता. ज्याच्यासाठी गुडघे झिजवले, तो दुसऱ्याच्या नावानं आपल्या टेबलावर पडला होता.

ते बेसिनपाशी गेले. नळ सोडला आणि डबी उलटी केली.

दुसऱ्या दिवशी भारती आईला घेऊनच आली. भागिरथीबाईंनी इंद्रायणी तांदळाची पिशवी मालनबाईंच्या हाती दिली आणि उत्तमरावांना वाकून नमस्कार केला.

"सर, तुमी नसता तर ही खाचरातच राहिली असती," त्या म्हणाल्या.

दोघी स्वयंपाकघरात गेल्यावर उत्तमरावांनी जुळवून ठेवलेलं सांगितलं. हात हल्ली थरथरतात. बेसिनजवळ उभं असताना डबी सुटली. नळ चालू होता.

भारतीनं बेसिनकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "त्याआधी बघितला होता, सर?"

"राहून गेलं."

ती खुर्चीत बसली. उत्तमराव तिची समजूत काढू लागले. तुझं काम अडत नाही, फोटो आहेत, मापं आहेत, आईचं नाव लागायचं ते लागेलच. बोलताना आपला आवाज किती मायेचा येतोय, याचं त्यांनाही नवल वाटलं.

"आईच्या नावाचा जबडा पुण्याला प्रयोगशाळेत आहे, सर," भारती म्हणाली. "तो मी तिथून हलवलेलाच नाही."

उत्तमरावांनी टेबलावरची रिकामी डबी जवळ ओढली.

"हा दुसरा होता. दातांची ठेवण वेगळी, प्राणीच वेगळा. तुम्ही स्वतः ओळखावा आणि तुम्हीच नाव द्यावं म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. फोटोसुद्धा काढला नाही." तिनं डोळे पुसले. "तुम्ही खाणीतून आणलेल्या मातीची शेवटची पोती कॉलेजात तशीच, न धुता पडून होती. ती माती मी धुतली. त्यात निघाला."