उंबऱ्याची खोली

फोर्ट लॉडरडेल बंदरात मी क्रूझ जहाजावरच्या खोल्या विकते. काल रॉइस नावाचा एकजण व्हीलचेअरवरून आला, मागोमाग त्याची बायको व्हर्लीन. तिने माहितीपत्रकाला हात लावला, तसा त्याने तिच्या बोटांवर काडकन काठी हाणली.

"ठेव खाली! तुला काय कळतंय त्यातलं?"

ती काठी त्याच्याच टाळक्यात घालावी असं वाटलं. पण धंदा आहे. मी दोन खोल्या दाखवल्या. एकीत खुर्ची थेट बाथरूममध्ये जाते. दुसरी थोडंफार चालता येणाऱ्यांसाठी. तिथे बाथरूमला उंच उंबरा आणि अरुंद दार.

"पहिली घे. आणि घोळ घातलास तर बघ," असं तिला दरडावून तो सिगारेट ओढायला बाहेर गेला.

व्हर्लीन पुढे वाकली. "दुसरी द्या. बाथरूमला आतून कडी आहे ना?"

"आहे. पण अहो, त्यांची आंघोळ?"

"पलंगावरच अंग पुसून देईन." तिने सुजलेली बोटं चोळली. "घरचं बाथरूमचं दार मीच रुंद करून घेतलं, त्याच्या सोयीसाठी. तेव्हापासून मला लपायला जागाच उरली नाही."