ओढीचा दिवा

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या आणि सीमेवरच्या चौकीतली शांतता हलली. तो आवाज नीरजाच्याच घरचा होता, तासगावहून डबीत भरून आणलेला. शेजारच्या देशात जायला आता ना व्हिसा लागे, ना पासपोर्ट. घरचा आवाज ऐकून छातीवर लावलेला काचेचा दिवा उजळला, की या माणसाला घराची ओढ आहे, हा परत जाणारच, असं समजून आत सोडत.

नीरजाच्या चार वर्षांच्या लेकीचा, चिमीचा दिवा लख्ख उजळला.

नीरजाचा मात्र लागेना. डोंगरापलीकडे धाकटी बहीण बाळंत झाली होती. तिच्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा नीरजाने पोटाशी घट्ट धरला आणि चौकीतल्या अधिकाऱ्याला विनवलं.

"परत वाजवा ना, काका. प्रवासाने दमलेय हो मी."

कड्या पुन्हा करकरल्या. दिवा धुक्यासारखा पांढराच. तेवढ्यात चिमीला शिंक आली आणि ती स्वतःच्याच शिंकेला खुदकन हसली. नीरजाच्या छातीवरचा दिवा एकदम पेटला.

म्हातारा अधिकारीही हसला, मग त्याने आवाजाची डबी मिटली. "पोरी, तुझी ओढ तर तुझ्याबरोबरच निघालीय. मग परत कशासाठी येशील? हिला इथं ठेव, आत्ता सोडतो तुला."

नीरजाने डबा खाली ठेवला आणि चिमीला उचलून घेतलं. दाराबाहेर ढग अंगणात येऊन बसले होते.

तिच्या गळ्यात हात टाकून चिमीने हळूच विचारलं, "आई, आपला झोपाळा तुला ओळखूच आला नाही का गं?"